पस्तीस हजारांचं कोटेशन आणि वाचनालयाच्या नावावरचा जुगार

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण माझ्या यादीतले निम्मे लोक तरी कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. शाळा, पतसंस्था, देवस्थान, गणेश मंडळ, काहीतरी असतंच. त्यामुळे सवडीने का होईना, वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर एक मेल आला. विषय होता, ‘तातडीचे: तुमच्या वेबसाइटवर घातक बॅकलिंक्सचा हल्ला’. सोबत अठ्ठावीस पानांचा रिपोर्ट. पहिल्याच पानावर गाडीच्या स्पीडोमीटरसारखं चित्र, आणि काटा पार लाल पट्ट्यात. ‘टॉक्सिक स्कोअर ७८’. खाली लिहिलेलं की इंटरनेटवरच्या १,४१२ घाणेरड्या साइट्सनी तुमच्या साइटला लिंक दिली आहे, हे कुणीतरी मुद्दाम केलेलं आहे, आणि वेळीच सफाई केली नाही तर गूगल तुम्हाला यादीतून काढून टाकेल. सफाईचे ३५,००० रुपये. त्यानंतर देखरेखीचे दरमहा ४,०००. जीएसटी वेगळा.

आमचे अध्यक्ष नाना. वय चौऱ्याहत्तर, पण तब्येत आणि आवाज दोन्ही खणखणीत. त्यांनी अख्खा रिपोर्ट रंगीत छापून घेतला (अठ्ठावीस पानं, रंगीत, तो खर्च वेगळाच) आणि बैठकीत टेबलावर ठेवला. मग सुरू झालं. हल्ला केला कुणी? एकाला लगेच पलीकडच्या गटाची आठवण झाली. दुसऱ्याने कर्मचारीवादाचा मुद्दा काढला. पंधरा मिनिटं नुसता तपास चालला होता. शेवटी नाना माझ्याकडे वळले. “तुला त्यातलं कळतं म्हणून तर तुला घेतलाय कमिटीत. द्यायचे का पैसे?”

आता पस्तीस हजार म्हणजे काय, ते कुठल्याही ‘ब’ वर्ग वाचनालयाच्या माणसाला विचारा. अनुदान हप्त्याने येतं, तेही उशिरा. आमच्या बालविभागाची वर्षभराची पुस्तकखरेदी एवढी होत नाही. मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जे हाती लागलं, त्याने मलाच शरम वाटली. ते सगळं इथे लिहितोय, कारण असे मेल तुमच्याही संस्थांना येतायत, हे मला दोन-तीन ठिकाणांहून कळलंय.

आधी ही बॅकलिंक काय भानगड आहे ते सांगतो. दुसऱ्या कुणाच्या साइटवर तुमच्या साइटची लिंक असली की ती तुमची बॅकलिंक. १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगलचं जे मूळ गणित मांडलं, ते यावरच उभं होतं. एखाद्या पानाकडे किती पानं बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारी पानं स्वतः किती वजनाची आहेत, यावरून त्या पानाची पत ठरवायची. आपल्याकडे पतसंस्थेत जामीनदार लागतो, तसंच. जामीनदार वजनदार असला की काम होतं.

हे कळल्यावर लोकांनी जे करायचं तेच केलं. खोटे जामीनदार उभे केले. हजारो फुसक्या साइट्स काढायच्या आणि त्यावरून पैसे देणाऱ्याकडे लिंका सोडायच्या, हा जगभर धंदाच झाला. अमेरिकेतलं जेसी पेनी हे मोठं दुकान २०११ साली यातच सापडलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते प्रकरण बाहेर काढलं आणि गूगलने त्या दुकानाला शोधात खाली ढकललं. पुढे २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि खोट्या लिंका जमवणाऱ्या साइट्स सरसकट आपटल्या. त्यात एक गोची झाली. खोट्या लिंकांमुळे जर साइट आपटते, तर मी माझ्या स्पर्धकाच्याच साइटकडे घाणेरड्या लिंका सोडल्या तर? तो आपटेल, मी वर येईन. या भीतीवर उतारा म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने ‘डिसअव्हाउ’ ही सोय दिली. या अमुक साइट्सवरून आलेल्या लिंका माझ्या खाती धरू नका, असं गूगलला कळवायची सोय.

इथपर्यंत त्या रिपोर्टवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. फक्त ते २०१२ मध्येच थांबलेत. सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन गूगलच्या मुख्य गणितात कायमचा मिसळला आणि त्याची रीत बदलली. तेव्हापासून स्पॅम लिंक दिसली की गूगल त्या साइटला शिक्षा करत बसत नाही, ती लिंकच मोजत नाही. नंतर ‘स्पॅमब्रेन’ नावाची यंत्रणा आली, तिचंही काम तेच. आणि डिसअव्हाउबद्दल तर गूगलच्या मदतीच्या पानावरच लिहिलंय की बहुतेक साइट्सना याची गरज पडणार नाही. बिंगने तर २०२३ मध्ये आपल्याकडची ही सोय बंदच करून टाकली.

बाजारात झिंगलेला एखादा माणूस तुमचं नाव घेऊन ओरडायला लागला, “मी याला जामीन आहे!” तर पतसंस्थेचा मॅनेजर काय करतो? तुमचं कर्ज नाकारतो का? तो त्या बेवड्याची सही धरत नाही, एवढंच. तुमचं काही बिघडत नाही.

आणि तो ‘टॉक्सिक स्कोअर’ गूगलचा नव्हेच. खासगी कंपन्यांची सॉफ्टवेअर असतात, त्यात साइटचं नाव टाकलं की दोन मिनिटांत असा रंगीत रिपोर्ट तयार होतो. तुमच्या धंद्याची किंवा दुकानाची साइट चार वर्षं जुनी असेल तर तुमच्याही नावाने पाच-सहाशे भंगार लिंका निघतील. फोटो चोरून लावणाऱ्या साइट्स, आपोआप तयार होणाऱ्या डिरेक्टऱ्या, कुठल्यातरी परदेशी भाषेतली पानं. कुणी हल्ला केलेला नसतो. ही धूळ आहे, सगळ्यांच्याच फर्निचरवर बसते.

म्हणजे पैसे द्यायचे नाहीत, विषय संपला, असं मी चौथ्या दिवशी म्हणणार होतो. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. १,४१२ हा आकडा एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाला जरा जास्तच वाटत होता. आमच्या साइटवर आहे काय? वेळापत्रक, वर्गणी, दुर्मीळ ग्रंथांची यादी, व्याख्यानमालेचे फोटो. धूळ बसली तरी किती बसेल?

रिपोर्टमध्ये लिंक कुठून आली ते दिलं होतं. आमच्या साइटच्या कुठल्या पानावर आली, हा रकाना नव्हताच. मी ठरवलं, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये जाऊन बघू. ते फुकट असतं, साइटच्या मालकाला गूगल स्वतः तिथे माहिती देतं. तर तिथे आमचा प्रवेशच नाही! खातं उघडलेलं होतं साइट बनवणाऱ्या मुलाच्या जीमेलवर. मग होस्टिंगमध्ये शिरून मालकीचा पुरावा म्हणून गूगलने दिलेली एक छोटी फाइल टाकली आणि आत गेलो. मालकांच्या यादीत तीन नावं दिसली. एक मी. एक तो मुलगा. आणि तिसरं कुणीतरी, इंग्रजी अक्षरं आणि आकडे वेडेवाकडे जोडून केलेला पत्ता. वाचनालयाच्या साइटचा हा तिसरा मालक कोण?

मग ‘लिंक्स’ या भागात गेलो. तुमच्या कुठल्या पानाकडे बाहेरून सर्वांत जास्त लिंका येतात, ते तिथे क्रमाने दिसतं. पहिल्या दहात आमचं एकही पान नव्हतं. म्हणजे साइट आमची, पत्ता आमचा, पण त्यापुढे भलतीच नावं. ‘स्लॉट’ असा शब्द असलेली शेकडो पानं. शेवटी गूगलमध्ये ‘साइट’, कोलन आणि पुढे आमचा पत्ता टाकला. आमची खरी पानं असतील चाळीस. गूगलला दिसत होती हजारो. सगळी इंडोनेशियन भाषेत, सगळी ऑनलाइन जुगाराची.

ग्रंथपाल मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पण सर, मी तर साइट रोज उघडते. मला कधीच काही दिसलं नाही.”

त्यांना दिसणारच नव्हतं. यातली मेख हीच आहे. घुसलेल्याने साइटच्या फाइलींमध्ये असा कोड ठेवलेला असतो की नेहमीसारखा थेट पत्ता टाकून आलेल्याला नेहमीची साइट दिसते. गूगलचा रोबो आला की त्याला जुगाराची पानं दाखवायची, आणि गूगलमधून त्या पानावर क्लिक करून आलेल्याला तिसरीकडेच पाठवून द्यायचं. संस्थेच्या माणसांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, कारण त्यांच्यासमोर सगळं ठीकठाक असतं.

इंडोनेशियात जुगार बेकायदा आहे. तिथल्या धंदेवाल्यांना उघडपणे जाहिरात करता येत नाही, स्वतःच्या नव्या साइट्स गूगलमध्ये वर येत नाहीत. मग ते काय करतात? जगातल्या जुन्या, निरुपद्रवी, चांगल्या नावाच्या साइट्स शोधतात. कॉलेजं, नगरपालिका, वाचनालयं. त्यात घुसतात, आपली पानं पेरतात, आणि मग अशा घुसलेल्या साइट्सवरून एकमेकांकडे लिंका सोडतात, म्हणजे पानं वर चढतात. त्या १,४१२ मधल्या बहुतेक लिंका या अशा होत्या. आमच्यावर हल्ला करायला सोडलेल्या नव्हत्याच. आमच्या घरात बसलेल्या पाहुण्यांना त्यांच्या सग्यासोयऱ्यांनी पाठवलेली पत्रं होती ती. आणि आमच्या पानांवरूनही तशाच लिंका बाहेर जात होत्या. कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या शाळेला कुणीतरी असाच लाल काट्याचा रिपोर्ट पाठवला असेल, आणि त्यातल्या घातक साइट्सच्या यादीत आमच्या वाचनालयाचं नाव असेल.

बेवडा आपल्या नावाने ओरडतोय याची काळजी करत होतो, आणि इकडे जुगार अड्ड्याच्या कर्जाच्या कागदावर आमचीच सही होती.

पस्तीस हजार दिले असते तर काय झालं असतं? त्यांनी एक साधी टेक्स्ट फाइल बनवली असती. प्रत्येक ओळीवर ‘डोमेन’, कोलन आणि साइटचं नाव. ती गूगलला चढवली असती. झालं. ही सोय फुकट आहे आणि फाइल चढवायला पाच मिनिटं लागत नाहीत. जुगाराची पानं जिथल्या तिथे राहिली असती, नव्या लिंका येत राहिल्या असत्या, आणि दरमहा चार हजारांची देखरेखही चालू राहिली असती.

त्याहून वाईट म्हणजे त्यांनी गूगलला कळवण्यासाठी जी यादी जोडली होती, ती मी ओळ न् ओळ वाचली. त्यात एका मराठी ब्लॉगचं नाव होतं. आमच्याच गावातून अमेरिकेत गेलेल्या एका गृहस्थांनी लहानपणी आमच्या वाचनालयातून बाइंडिंग केलेली मासिकं घरी कशी न्यायचो, यावर त्यात लिहिलंय आणि खाली आमची लिंक दिली आहे. ब्लॉग जुना, तांत्रिकदृष्ट्या मागासलेला, म्हणून सॉफ्टवेअरने त्याला ‘टॉक्सिक’ ठरवलं. एका कॉलेजच्या मराठी विभागाचं पान होतं, तेही घातक. म्हणजे आमची खरी पत ज्यांच्यामुळे, त्यांनाच ‘यांचं धरू नका’ म्हणून आम्ही गूगलला लिहून दिलं असतं. स्वतःच्या हाताने. वर पैसे देऊन.

डिसअव्हाउ कधीच वापरू नये असं मी म्हणत नाही. तुम्ही स्वतः, किंवा तुम्ही नेमलेल्या एखाद्याने, पूर्वी ‘तीन हजारात पाच हजार लिंका’ असल्या योजना घेतल्या असतील, आणि सर्च कन्सोलच्या ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’मध्ये गूगलच्या माणसाने कृत्रिम लिंकांबद्दल कारवाई केल्याची नोंद दिसत असेल किंवा तशी ती होणार हे उघड असेल, तर त्या लिंका काढायचा प्रयत्न करा आणि उरलेल्यांची फाइल द्या. ही सोय त्यासाठीच आहे. पण त्या पानावर काहीच नोंद नसेल, आणि कुणी तुम्हाला घाबरवत असेल, तर आधी दार लावा, चहा घ्या. धमकीचेही मेल येतात, ‘पैसे द्या नाहीतर तुमच्या साइटवर लाखभर घाण लिंका सोडतो’. त्यांना उत्तरसुद्धा देऊ नका. मेल जपून ठेवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा.

आमची सफाई आम्हीच केली, दोन रविवार गेले. एक कॉलेजची मुलगी मदतीला आली, खरं तर निम्म्याहून जास्त काम तिनेच केलं. काय केलं ते थोडक्यात सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. आधी आहे त्या अवस्थेतल्या साइटची प्रत काढून ठेवली, पुरावा म्हणून. होस्टिंग, साइटचा अ‍ॅडमिन, ईमेल, डेटाबेस, सगळे पासवर्ड बदलले. अ‍ॅडमिनच्या यादीत दोन अनोळखी नावं होती, ती उडवली. वर्डप्रेस नव्याने टाकलं. फोटो ठेवायच्या फोल्डरमध्ये पीएचपीच्या सात फाइली सापडल्या. तिथे फक्त फोटो असायला हवेत, पीएचपी फाइलचं तिथे काहीच काम नाही. असं काही दिसलं की समजायचं, चोर इथूनच ये-जा करतो. सर्च कन्सोलमधल्या त्या तिसऱ्या मालकाला काढलं. पण नुसतं नाव काढून भागत नाही. त्याने पुरावा म्हणून आपल्या साइटवर ठेवलेली फाइलही शोधून काढावी लागते, नाहीतर तो परत मालक होतो. जुगाराच्या पानांचे पत्ते आता ‘पान सापडत नाही’ असं उत्तर देतात. आणि पानच नाही म्हटल्यावर त्याकडे येणाऱ्या हजार लिंका हवेत लटकतात. त्यांच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. डिसअव्हाउची एक ओळही आम्ही लिहिली नाही.

चोर शिरला कुठून? साइटची सजावट म्हणजे थीम होती पैसे देऊन घ्यायची, पण लावलेली होती चोरीची, कुठूनतरी फुकट उतरवलेली. अशा फुकट थीममध्ये मागचं दार ठेवून देणं ही अगदी जुनी युक्ती आहे. शिवाय एक प्लगिन तीन वर्षं अपडेट केलेलं नव्हतं.

आणि इथे मला माझंही सांगितलं पाहिजे. ते तीन वर्षांचं अपडेट माझ्याकडे होतं. कमिटीत आल्यावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मला दिला गेला होता. व्याख्यानमालेचे फोटो चढवायला मी आत जायचो, वर लाल गोलात अपडेटचा आकडा दिसायचा, आणि मी म्हणायचो, नंतर बघू. नंतर कधी बघितलं नाही. बैठकीत हे मी सांगितलं. नाना काही बोलले नाहीत, फक्त “हं” म्हणाले. ते “हं” मला पुरलं.

त्या मुलालाही मी शिव्या देणार नाही. आमच्याच गावातला पोरगा. आठ हजारात त्याने साइट करून दिली. थीमचे पैसे त्याने कुठून घालायचे? आणि पुढची सहा वर्षं त्याने ती सांभाळावी, असं आपण कुठे लिहून घेतलं होतं? एक रुपया तरी ठरवला होता का? इमारतीला रंग द्यायला, पंख्यांना, झेरॉक्स मशीनच्या वार्षिक देखभालीला आपण पैसे धरतो. साइट म्हणजे एकदा करून टाकायची गोष्ट, उद्घाटनाला पाहुणे बोलवायचे, बटण दाबून फोटो काढायचे. कॉलेजांच्या साइट्स तपासणीची समिती यायच्या आधी रातोरात सजतात आणि समिती गेली की बेवारस होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

हा एकट्या आमच्या गावचा प्रश्न नाही. २०२४ साली ‘टेकक्रंच’ या वृत्तसाइटने भारतातल्या सरकारी साइट्सच्या चार डझनांच्या आसपास लिंका ऑनलाइन सट्ट्याकडे जात असल्याचं दाखवून दिलं. त्यात गोवा, कर्नाटक, केरळसकट अनेक राज्यांची नावं होती. सरकारी पत्ता, त्यावर राजमुद्रा, आणि आत सट्टा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. चांगलं झालं. पण समोरचं दार बंद झालं की मागच्या दारांची किंमत वाढते. ती मागची दारं म्हणजे आपल्या शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती आणि वाचनालयांच्या सांभाळायला कुणी नसलेल्या साइट्स आहेत, असं मला स्पष्ट दिसतंय.

कायदा आहे. दुसऱ्याच्या संगणकात असं घुसून बदल करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार सरकारी कार्यालयांना आणि कंपन्यांना साइटमधली अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते. आपल्याकडच्या किती कार्यालयांत हे माहीत असलेला एक तरी माणूस आहे? मी एका ओळखीच्या साहेबांना त्यांच्या कार्यालयाच्या साइटवरची अशीच पानं दाखवली. ते म्हणाले, “बोलू नका कुणाजवळ, उगाच चौकशी लागेल.” चौकशीची भीती, जुगाराची नाही.

नेमका हाच दबाव आमच्या बैठकीतही होता. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, वाचनालयाची बदनामी होईल, हे फेसबुकवर टाकू नकोस. मी त्यांचा मान राखूनच सांगतो, बदनामी व्हायची ती होऊन गेली. जगभरात कुठेतरी आपल्या वाचनालयाच्या नावावर क्लिक करून माणसं सट्ट्यावर जात होती. आता लपवलं तर शेजारच्या गावच्या पतसंस्थेला कळणार नाही की त्यांचीही साइट बघायला हवी. पतसंस्थेत तर लोकांचे पैसे आहेत.

म्हणून माझी एक विनंती आहे. सप्टेंबरपर्यंत पतसंस्थांच्या वार्षिक सभा होतील. अहवाल वाचनानंतर सगळे लाडू-चिवड्याकडे बघत असतात, तेव्हा एक जण उठा आणि विचारा: आपल्या साइटचं डोमेन कुणाच्या नावावर आहे, संस्थेच्या की ते बनवणाऱ्याच्या? पासवर्ड कुणाकडे आहेत? सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून कोण कोण दिसतं? देखभालीला वर्षाला किती धरलेत? उत्तर नसेल तर तसं इतिवृत्तात लिहून घ्या. आणि सभेची वाट न पाहता आज रात्रीच आपल्या संस्थेचा पत्ता ‘साइट’ आणि कोलन लावून गूगलमध्ये टाकून बघा. शेवटच्या पानापर्यंत जा. ओळखीची नसलेली भाषा दिसली तर मला कळवा, त्या मुलीचा आणि माझा रविवार मोकळा आहे.

रिपोर्टवाल्यांना आम्ही नकार कळवला. त्यांचा परत मेल आला, आता सवलतीत २२,००० मध्ये करून देतात. कमिटीतल्या एकाचं अजून म्हणणं आहे की देऊन टाकू, काटा लाल आहे तो आहेच. नानांनी मात्र ठराव करून घेतला की यंदापासून साइटच्या देखभालीला वर्षाला सहा हजार आणि ते त्या मुलीला द्यायचे, फुकट राबवायचं नाही.

एक काम राहिलंय. आमचं डोमेन अजून त्या मुलाच्याच नावावर आहे आणि मुदत या महिनाअखेर संपतेय. मुदतीनंतर थोडे आठवडे सवलत असते, ती गेली की नाव कुणीही विकत घेऊ शकतं. आणि जुन्या, चांगल्या लिंका असलेली नावं विकत घ्यायला जुगारवालेच टपलेले असतात, मग साइटमध्ये घुसायचीही गरज नाही. तो पोरगा आता पुण्यात नोकरीला आहे, दोन वेळा फोन केला, उचलला नाही. त्याची आई नानांच्या बायकोबरोबर भजनी मंडळात आहे. पत्ता मिळालाय. शनिवारी सकाळच्या एसटीने नाना आणि मी पुण्याला चाललोय.